बदल मेणावर, नोंद दगडावर
बँकेचे सॉफ्टवेअर आणि डेव्हऑप्स : एक ओळख

बँकेच्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या ग्राहकाला सॉफ्टवेअर दिसत नाही. त्याला दिसते ती पासबुकातील शेवटच्या ओळीवरची शिल्लक. ती शिल्लक बरोबर असली की बँक विश्वासार्ह, आणि एका रुपयाने जरी चुकली तरी बँक संशयास्पद, असा त्याचा सरळ हिशेब असतो आणि तो योग्यही आहे. पूर्वी ही शिल्लक लेजरमध्ये हाताने लिहिली जाई व दुसरा अधिकारी ती तपासून सही करी. आज ती संगणकप्रणाली मांडते. साहजिकच, या प्रणालीत बदल कोण करतो, ते कोण तपासतो आणि ते प्रत्यक्ष वापरात कसे येतात, हा प्रश्न केवळ संगणक विभागाचा राहिलेला नाही. तो बँकेच्या विश्वासार्हतेचा प्रश्न झाला आहे. या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून गेल्या काही वर्षांत ‘डेव्हऑप्स’ ही कार्यपद्धती पुढे आली आहे. तिचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुंभकोणमची बँक

बँकिंगचे तंत्रज्ञान म्हटले की मुंबई, बंगळुरू यांसारखी महानगरे डोळ्यांसमोर येतात. परंतु तामिळनाडूतील कावेरीकाठचे कुंभकोणम हे मंदिरांचे गाव या समजुतीला छेद देते. ३१ ऑक्टोबर १९०४ रोजी येथे ‘कुंभकोणम बँक लिमिटेड’ची स्थापना झाली. पुढे अन्य लहान बँका तिच्यात विलीन झाल्या आणि १९८७ साली तिने ‘सिटी युनियन बँक’ हे आजचे नाव धारण केले. तिचे मुख्यालय आजही कुंभकोणम येथेच आहे. २०२४ पर्यंत तिच्या शाखांची संख्या ८०० च्या घरात पोहोचली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘लक्ष्मी’ नावाचा यंत्रमानव ग्राहकसेवेत आणणारी बँक ती हीच.

मराठी वाचकाला हा परिसर परका नाही. शेजारच्या तंजावरात व्यंकोजीराजांपासून भोसल्यांचे राज्य होते. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचाच. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. दगडावरचा हा लेख आणि कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै येथील ओतीव मूर्तिकला, या दोहोंचा आपल्या विषयाशी संबंध आहे. तो पुढे येईलच.

याच बँकेच्या बाबतीत घडलेली एक जाहीर घटना आपल्या विषयाच्या मुळाशी नेते. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ताळमेळ घेताना, बँकेने न पाठविलेली तीन परदेशी प्रेषणे ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून गेल्याचे बँकेला आढळून आले. पहिले पाच लाख डॉलरचे, दुसरे तीन लाख युरोचे व तिसरे दहा लाख डॉलरचे होते. बँकेने ही बाब स्वतः जाहीर केली. त्याच महिन्यात देशातील दुसऱ्या एका मोठ्या बँकेतील गैरव्यवहारही उघडकीस आला आणि स्विफ्ट व कोअर बँकिंग प्रणाली परस्परांशी जोडण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना कालमर्यादा घालून दिली. या दोन घटनांचे स्वरूप वेगवेगळे होते. त्यांतून निघणारे सूत्र मात्र एकच होते : दोन यंत्रणांमध्ये जिथे सांधा नसतो, जिथे एकीची नोंद दुसरीला आपोआप कळत नाही, तिथेच धोका दबा धरून बसतो. हे सूत्र पैशाच्या व्यवहारांना जसे लागू आहे, तसेच सॉफ्टवेअरमधील बदलांनाही लागू आहे.

बदल टाळता का येत नाहीत?

‘चालले आहे ते चालू द्या, बदल कशाला?’ असा प्रश्न शाखांमध्ये नेहमी ऐकू येतो. परंतु बदल हा बँकेच्या मर्जीचा भाग राहिलेला नाही. १ एप्रिल २०२५ पासून ठेवींच्या व्याजावरील करकपातीची मर्यादा ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,००० रुपयांवरून १,००,००० रुपये व इतरांसाठी ४०,००० वरून ५०,००० रुपये झाली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे समाशोधन दिवसभर अखंड होऊ लागले. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय आली. सात महिन्यांतील या तीन बदलांपैकी प्रत्येकासाठी प्रणालीत दुरुस्ती करावी लागली आणि तीही ठरलेल्या तारखेच्या आत.

दुसरीकडे, बदल करण्यासाठी मोकळा मिळणारा वेळ नाहीसा होत गेला. पूर्वी दिवसअखेरीचे काम संपले की रात्र संगणक विभागाच्या हाती असे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास सुरू झाली. यूपीआय तर २०१६ साली सुरू झाल्यापासूनच अहोरात्र चालते. म्हणजे बदल वाढले आणि रात्र संपली. या कोंडीतून वाट काढण्याची गरज हेच डेव्हऑप्सचा विचार करण्याचे खरे कारण आहे.

जुनी पद्धत व तिचा धोका

परंपरागत पद्धतीत सॉफ्टवेअर लिहिणारा गट एका बाजूला व ते चालविणारा गट दुसऱ्या बाजूला असतो. तीन-चार महिन्यांचे बदल साठवून एखाद्या सुटीच्या आदल्या रात्री एकदम बसविले जातात. बसविण्याच्या कृती एका कागदावर क्रमाने लिहिलेल्या असतात आणि थकलेली माणसे पहाटेपर्यंत त्या हाताने पार पाडतात. कृती क्रमांक २३ राहून गेली, तर तिचा पत्ता सकाळी शाखा उघडल्यावर लागतो.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली संस्थेने २०१२ साली आपल्या आठ सर्व्हरांवर नवे सॉफ्टवेअर हाताने बसविले. सातांवर ते बसले, आठव्यावर राहून गेले. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवरील जुना, निरुपयोगी भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत त्याने बाजारात भरमसाट सौदे केले. संस्थेला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. आठही सर्व्हरांवर एकच आवृत्ती आहे ना, हे तपासणारा दुसरा माणस नव्हता आणि तशी यंत्रणाही नव्हती.

ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर नेली. माहिती पोहोचली, पण प्रणाली भार पेलू शकली नाही. लाखो ग्राहकांना आपलीच खाती पाहता येईनात. सेवा पूर्ववत होण्यास त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेस ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

आपल्याकडे २४ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेस ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास व नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. त्यासाठी दिलेल्या कारणांत ‘पॅच व बदल व्यवस्थापन’ यातील उणिवांचाही स्पष्ट उल्लेख होता. त्या दूर केल्यावर १२ फेब्रुवारी २०२५ रोजी हे निर्बंध उठले. सॉफ्टवेअरमधील बदलांची शिस्त हा आता थेट व्यवसायाच्या परवानगीशी निगडित विषय झाला आहे.

लहान बदलाचे गणित

अनेकांना वाटते की वारंवार बदल केले की धोका वाढतो. म्हणून ते क्वचित व एकदम करावेत. एक साधे गणित याच्या उलट दाखविते. समजा, ६० बदल एकाच रात्री बसविले. सकाळी बिघाड आढळला तर संशयित ६० असतात. शिवाय कोणतेही दोन बदल एकमेकांत अडखळू शकतात. अशा जोड्या ६० × ५९ ÷ २ म्हणजे १,७७० होतात. तेच ६० बदल पाच-पाचच्या बारा हप्त्यांत बसविले, तर प्रत्येक वेळी नव्या बदलांच्या आपसांतील जोड्या केवळ १०, आणि बाराही हप्त्यांच्या मिळून १२०. हप्ता बसल्यावर तो जुन्या प्रणालीचा तपासलेला भाग होतो व पुढील हप्ता त्यावर बसतो. हे गणित ढोबळ आहे. तरीही दिशा स्पष्ट आहे. कर्जाचा हप्ता लहान असला की तो फेडणे सुलभ जाते. बदलाचा हप्ता लहान असला की त्याची चूक शोधणे सुलभ जाते.

डेव्हऑप्स म्हणजे काय?

‘डेव्हलपमेंट’ म्हणजे प्रणाली घडविणे आणि ‘ऑपरेशन्स’ म्हणजे ती चालविणे. या दोन शब्दांच्या आद्य भागांतून हे नाव तयार झाले. २००९ साली पॅट्रिक देब्वा यांनी बेल्जियममधील गेंट येथे या विषयावर परिषद भरविली आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. घडविणारे व चालविणारे यांनी एकाच साखळीत, एकाच नोंदवहीवर व एकाच उद्दिष्टाने काम करावे, हा त्याचा गाभा. ‘एकात्मिक व्यासपीठ’ म्हणजे या साखळीतील सर्व दुवे एकाच छत्राखाली आणणारी प्रणाली. गिटलॅब, अ‍ॅझ्यूर डेव्हऑप्स ही अशा व्यासपीठांची परिचित नावे होत.

या साखळीतील प्रमुख दुवे पुढीलप्रमाणे :

१) आवृत्ती नोंद : प्रत्येक बदल कोणी, केव्हा, कोणत्या कारणासाठी केला याची कायम नोंद राहते. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी तयार केलेली ‘गिट’ ही पद्धत यासाठी आज सर्वत्र वापरली जाते.

२) बांधणी : लिहिलेल्या आज्ञांपासून चालू शकणारे सॉफ्टवेअर यंत्रच तयार करते. एकदा बांधलेली प्रत चाचणीत जशी असते, अगदी तशीच प्रत्यक्ष वापरात जाते.

३) स्वयंचलित चाचणी : प्रत्येक बदलानंतर ठरावीक प्रश्न प्रणालीला विचारले जातात. उदाहरणार्थ, १,००,००० रुपयांची ठेव, ७ टक्के दर, एक वर्ष मुदत, तिमाही चक्रवाढ. व्याज ७,१८६ रुपये आलेच पाहिजे. ज्येष्ठ नागरिकासाठी दर ७.५ टक्के, व्याज ७,७१४ रुपये आलेच पाहिजे. ज्येष्ठांच्या दरात दुरुस्ती करताना चुकून सर्वसाधारण दरही हलला, तर पहिलाच प्रश्न ते दाखवून देतो व बदल तिथेच अडतो.

४) सुरक्षा तपासणी : बाहेरून घेतलेल्या भागांत ज्ञात दोष आहेत का, आज्ञावलीत कुठे पासवर्ड राहून गेला आहे का, हे यंत्र पाहते.

५) मंजुरी व कार्यान्वयन : अधिकृत मंजुरी मिळाल्यावर व्यासपीठ सर्व सर्व्हरांवर एकच आवृत्ती बसविते. यात आठवा सर्व्हर विसरला जात नाही.

६) देखरेख व माघार : बसविल्यावर व्यवहार फसण्याचे प्रमाण वाढले, तर मागील आवृत्ती परत आणण्याची सोय तयार असते.

रात्र उरली नाही, या अडचणीवरही येथे उपाय आहे. जुन्या काउंटरवर काम चालू असताना शेजारी नवा काउंटर सज्ज करावा, तो तपासावा, मग रांग हळूहळू तिकडे वळवावी आणि अडचण आली तर पुन्हा जुन्याकडे आणावी, असेच हे तंत्र आहे. प्रथम एक-दोन शाखा, मग एक विभाग, मग संपूर्ण बँक.

स्वामिमलै येथील शिल्पी मूर्ती घडविताना याच विवेकाने चालतात. आधी मेणाची मूर्ती करतात. त्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा लेप देऊन साचा तापवितात, मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत पंचधातू ओततात. बोटाची ठेवण, चेहऱ्यावरचा भाव, जे काही बदलायचे ते मेण असेपर्यंत. धातू ओतल्यावर मुभा संपते. सॉफ्टवेअरमध्ये चाचणीचे वातावरण म्हणजे मेण आणि ग्राहकाचे खाते म्हणजे धातू. सर्व चुका मेणावर व्हाव्यात, हीच या व्यासपीठाची धडपड होय.

मेकर-चेकरचे काय?

येथे बँकेतील अधिकाऱ्याच्या मनात एक रास्त शंका येते. घडविणारा व चालविणारा एकत्र आणायचे, तर मग ‘एकाने नोंद करावी, दुसऱ्याने तपासावी’ या बँकिंगच्या मूळ तत्त्वाचे काय? रिझर्व्ह बँकेच्या जून २०१६ च्या सायबर सुरक्षा चौकटीनुसार विकास, चाचणी व प्रत्यक्ष वापर ही तीन वातावरणे विभक्त ठेवणे आवश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान प्रशासनाविषयीचे ७ नोव्हेंबर २०२३ चे सर्वंकष निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले असून, तेही बदल व्यवस्थापनाच्या शिस्तीवर भर देतात.

नीट पाहिले तर डेव्हऑप्स या तत्त्वास बाधा आणीत नाही. उलट ते अधिक काटेकोर करू शकते. बदल लिहिणारा वेगळा, तो वाचून संमती देणारा वेगळा, मंजुरी देणारा अधिकारी तिसरा आणि प्रत्यक्ष बसविणारे यंत्र. स्वतःचा बदल स्वतःच मंजूर करण्याची वाट व्यासपीठच बंद करते. प्रत्यक्ष प्रणालीचा पासवर्ड कोणाही माणसाच्या खिशात राहत नाही. कागदावरच्या सह्या मागाहून घेता येतात. व्यासपीठावरील मंजुरी बदलाच्या आधीच असावी लागते, अन्यथा बदल पुढे सरकत नाही. लेखापरीक्षकास हवा असलेला पुरावा काम करता करताच तयार होतो. बृहदीश्वराच्या भिंतीवरील लेखाप्रमाणे ही नोंद कोणालाही गुपचूप खोडता येऊ नये, अशी तिची रचना हवी. एकत्र यायचे ते माहितीने. अधिकार मात्र विभक्तच ठेवायचे, हे यातील मर्म आहे.

व्यासपीठाचे स्वतःचे धोके

कोणतेही साधन निर्दोष नसते. सर्व दुवे एका छत्राखाली आले की ते छत्र हेच आक्रमकाचे लक्ष्य बनते. २०२० च्या अखेरीस उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात आक्रमकांनी सॉफ्टवेअरच्या बांधणीच्या टप्प्यातच शिरकाव केला आणि अधिकृत सुधारणेबरोबर घातक भाग सुमारे १८,००० ग्राहक-संस्थांपर्यंत पोहोचू शकला. म्हणून या व्यासपीठाच्या किल्ल्या तिजोरीच्या किल्ल्यांइतक्याच जपल्या पाहिजेत.

दुसरा धोका वेगाचा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष सुधारणा एकाच वेळी जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. टप्प्याटप्प्याने न पाठविलेला स्वयंचलित बदल म्हणजे एकच चूक लाखो ठिकाणी, हा त्याचा धडा. तिसरी मर्यादा बँकेच्या स्वभावातली आहे. सॉफ्टवेअर मागे घेता येते. पण चुकीने जमा झालेले व्याज किंवा पाठविलेली रक्कम आज्ञावली मागे घेतल्याने परत येत नाही. त्यासाठी उलट नोंदी, ताळमेळ व ग्राहकाला स्पष्टीकरण हा जुनाच मार्ग आहे. म्हणून हिशेबाला हात लावणाऱ्या बदलांसाठी अधिक चाचण्या व लहान पहिला टप्पा आवश्यक ठरतो.

स्वीकार कसा करावा?

साधन विकत घेतले म्हणजे पद्धत आली असे होत नाही. प्रथम आपल्याकडे किती प्रणाली आहेत व त्यांत सध्या काय चालू आहे याची पूर्ण यादी करावी. सुरुवात कोअर बँकिंगपासून न करता एखाद्या परिघावरील सेवेपासून करावी. उदाहरणार्थ, संकेतस्थळावरील शाखाशोध किंवा तक्रारनोंदणी. तिथे साखळी बसली, माणसे सरावली, की मोबाइल बँकिंग आणि सरतेशेवटी गाभा. बाहेरील पुरवठादाराने लिहिलेले सॉफ्टवेअरही याच दारातून आत येईल, अशी अट करारातच घालावी.

प्रगती मोजण्यासाठी जगभर चार मापे मान्य झाली आहेत : बदल किती वेळा बसविले, लिहिल्यापासून वापरात येण्यास किती वेळ लागला, किती टक्के बदलांत बिघाड झाला आणि बिघाडातून सावरण्यास किती वेळ लागला. पहिली दोन मापे वेगाची, दुसरी दोन स्थैर्याची. केवळ वेग वाढला व बिघाडही वाढला, तर तो विकास नव्हे. बिघाड झाल्यावर ‘कोणी केले?’ यापेक्षा ‘साखळीतील कोणत्या तपासणीने हे अडवायला हवे होते?’ असे विचारणारी संस्था लवकर सुधारते. कारण तिथे चूक लपविण्याचे कारण उरत नाही.

शाखेचा व ग्राहकाचा वाटा

चाचणीचे प्रश्न कोण लिहिणार? येथे शाखेतील सहकाऱ्यांचे महत्त्व आहे. प्रोग्रामरला आज्ञावली कळते. पण अज्ञान खातेदार सज्ञान होतो त्या दिवशी काय घडते, २९ फेब्रुवारीस ठेवलेल्या ठेवीची मुदत केव्हा संपते, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या खात्यातील एका खातेदाराचे निधन झाल्यास पुढे काय करायचे, हे काउंटरवर बसणाऱ्यास ठाऊक असते. असा प्रत्येक अनुभव चाचणीचा एक प्रश्न बनू शकतो. एकदा तो साखळीत गेला की ते सहकारी निवृत्त झाल्यावरही दर बदलाच्या वेळी प्रणालीला तोच प्रश्न विचारला जात राहतो. अनुभव जपून ठेवण्याचा याहून चांगला मार्ग क्वचितच सापडेल.

ग्राहकांनीही काही गोष्टी पाळाव्यात. बँकेचे अ‍ॅप केवळ अधिकृत स्टोअरमधूनच अद्ययावत करावे. संदेशातून आलेल्या दुव्यावरून कधीही नव्हे. नियोजित देखभालीची सूचना वाचावी व महत्त्वाचा भरणा शेवटच्या क्षणावर ठेवू नये. पासबुकातील वा विवरणातील नोंद शंकास्पद वाटल्यास संकोच न करता त्याच दिवशी शाखेस कळवावे. सर्व यंत्रांच्या पलीकडे, आपल्या खात्यावर सर्वांत बारीक नजर खातेदाराचीच असते.

एका सामान्य निवृत्तिवेतनधारकाच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ अगदी साधा आहे. महिनाअखेरीस पेन्शन खात्यात जमा व्हावी, औषधाच्या दुकानात कार्ड चालावे आणि व्याज जितके ठरले तितकेच मिळावे. आदल्या रात्री प्रणालीत काही बदलले होते, याची त्याला चाहूलही लागू नये. तशी ती लागली नाही, तर साखळीतील प्रत्येकाने आपले काम चोख केले, असे खुशाल समजावे.